उभी बाटली, आडवी बाटली

आमच्या गावात २०१२ साली एक मतदान झालं. त्यात पुरुषांना मत नव्हतं आणि उमेदवार होत्या दोन बाटल्या. एक उभी, एक आडवी. गावातलं देशी दारूचं दुकान चालू राहावं असं वाटणारीने उभीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटणारीने आडवीवर. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आईचा फोन आला की रविवारी मतदान आहे, तू येऊ नकोस, गावात वातावरण बरं नाही. मी म्हटलं, "पण हे बरोबर आहे का? निम्म्या गावाला मतच नाही. आणि कुणी काय प्यावं हे ठरवणारं सरकार कोण?"

"ठेवते आता," आई म्हणाली. "तव्यावर भाकरी आहे."

प्रश्न मी मनापासून विचारला होता. त्याच सुमाराला जॉन स्टुअर्ट मिलचं 'ऑन लिबर्टी' वाचलं होतं, म्हणजे निम्मं वाचलं होतं. १८५९ सालचं पुस्तक. त्यातलं मुख्य म्हणणं एकोणिसाव्या वर्षी तर फारच आवडतं: माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध सक्ती करायची असेल तर ती फक्त दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून. त्याचं स्वतःचं भलं, हे कारण पुरेसं नाही. तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्याने दारूबंदी केली होती आणि इंग्लंडमध्येही तसाच कायदा हवा म्हणणारे लोक होते. मिलने त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली आहे. हॉस्टेलवर मी हे सगळ्यांना ऐकवायचो. ऐकवताना बहुतेक वेळा हातात ग्लास असायचा.

तो ग्लास बेकायदेशीर होता. महाराष्ट्रात रम-व्हिस्की प्यायला पंचवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अठराव्या वर्षी तुम्ही सरकार निवडू शकता, एकविसाव्या वर्षी मुलगा लग्न करू शकतो, पण रमसाठी अजून चार वर्षं थांबायचं. आणि पंचविशी गाठली तरी परवाना लागतोच. मी गंमत करत नाहीये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आपल्याकडे लागू आहे, फक्त नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. कायद्याच्या लेखी इथे दारूबंदीच आहे आणि परवाना हा तिला अपवाद. 'परमिट रूम' ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलोय, ते परमिट म्हणजे हेच. ते कशासाठी मिळतं? आरोग्य राखण्यासाठी. शनिवारी रात्री टेबल मिळत नाही म्हणून दारात ताटकळलेला प्रत्येक जण सरकारी दप्तरात तब्येतीसाठी पिणारा आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. मला तो आजवर एकदाही कुणी विचारलेला नाही.

यावर हसू येतं, पण हा प्रकार निरुपद्रवी नाही. जो कायदा सगळेच मोडतात, तो आज कुणाला लावायचा हे गणवेशातला माणूस ठरवतो. मला कुणी अडवलं तर मी जरा इंग्रजी मिसळून बोलतो आणि सुटतो. आमच्या साइटवरच्या सेंट्रिंगवाल्या पोरांना ते जमत नाही. शिवाय हेच सरकार प्रत्येक बाटलीवर उत्पादन शुल्क घेतं. एका हाताने परवाना, दुसऱ्या हाताने गल्ला. त्यामुळे सरकारने ग्लासापासून लांब राहावं हे माझं मत तेव्हा पक्कं होतं. बरंचसं आजही आहे.

आता अण्णांबद्दल. माझे वडील प्यायचे आणि प्यायल्यावर कधीकधी आईवर हात उचलायचे. रोज नाही. 'रोज नाही' हे मी का लिहिलं कुणास ठाऊक, आमच्या घरात ते तसंच सांगितलं जायचं. २००९ मध्ये एका रात्री आई मला घेऊन शेजारच्या मोठ्या गावातल्या पोलीस चौकीवर गेली. मी सोळा वर्षांचा. तिची भुवई फुटली होती. तिथले हवालदार वाईट वागले असते तर सांगायला सोपं गेलं असतं. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, कापूस दिला. मग म्हणाले, "ताई, घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवा. सकाळी उतरली की तेच तुमची माफी मागतील."

नवऱ्याच्या छळाबद्दलचं कलम, ४९८-अ, तेव्हा सव्वीस वर्षांचं झालं होतं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा अमलात येऊन तीन वर्षं होत आली होती. त्यात संरक्षण अधिकारी आहे, नवऱ्याला मज्जाव करणारा आदेश आहे, बाईला त्याच घरात राहायचा हक्क आहे. आईने यातलं काही ऐकलं नव्हतं. आम्ही चहा पिऊन परत आलो.

आणि तीन वर्षांनी मी फोनवर तिला सांगत होतो की कुणी काय प्यावं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे. हवालदार आणि मी एकच वाक्य बोललो होतो, हे मला कळायला नोकरी लागावी लागली. मी ते मिलच्या नावाने बोललो, एवढाच फरक.

मिलवर हा अन्यायच होता, कारण पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग मी वाचला नव्हता. त्यात तो म्हणतो की साधं पिणं हा कायद्याचा विषय नाही, पण दारूच्या नशेत ज्याने एकदा दुसऱ्यावर हिंसा केल्याचं सिद्ध झालंय, त्याच्यावर खास बंधन घालणं पूर्ण योग्य आहे. त्याच्याही पुढे जाऊन तो सांगतो की जिथे मोकळीक द्यायला नको तिथे आपण ती देतो आणि जिथे द्यायला हवी तिथे नाकारतो, आणि याचं उदाहरण म्हणून कुटुंब पुढे करतो. नवऱ्याची बायकोवरची सत्ता जवळजवळ हुकूमशहाची आहे, तिलाही इतर कुठल्याही माणसासारखं कायद्याचं संरक्षण मिळालं की झालं, असं त्याचं म्हणणं. १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत बायकांना मताधिकार मिळावा म्हणून दुरुस्ती मांडणारा माणूस तोच. आडव्या बाटलीच्या मतदानाबद्दल त्याला काय वाटलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय.

मराठीत हा वाद काही नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं वय दहावरून बारा केलं, तेव्हा टिळक विरोधात होते आणि आगरकर बाजूने. बालविवाह चांगले असं टिळकांचं म्हणणं नव्हतं. सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये, हे म्हणणं होतं. परकं सरकार ही अडचण खरी होती, तिला मी हसत नाही. पण त्याआधी चारच वर्षं, १८८७ मध्ये, मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. तेव्हा सरकारने घरात येऊ नये असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: ते बाहेर होतं कधी? नवऱ्याचा हक्क वसूल करायला ते घरातच बसलेलं होतं. आपण 'आमच्या घरात' म्हणतो तेव्हा त्या 'आमच्या'मध्ये कोण कोण धरलेलं असतं, हे मोजायची सवय आपल्याला नाही. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाला हे नोंदवावं लागलं की बाईच्या प्रतिष्ठेवर घरात होणारे घाव झाकण्यासाठी खासगीपणाचा पडदा वापरता येणार नाही.

तर मतदान. २००८ च्या शासन आदेशानुसार पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की ते घेता येतं. पण दुकान बंद व्हायला, यादीत जेवढ्या महिला आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. आलेल्यांच्या निम्मी नव्हेत. म्हणजे मुंबईला घरकामाला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, मरून दोन वर्षं झाली तरी यादीतून नाव न निघालेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात. मी निम्म्या गावाला मत नाही म्हणून रडत होतो, पण आमदार निवडून यायला एवढी अट असती तर विधानसभा बरीचशी रिकामी राहिली असती. आई आणि तिच्या बचत गटातल्या बायका आठ दिवस फोन करत होत्या. घाटकोपरहून, चाकणहून बायका रजा टाकून एसटीने आल्या. बाटली आडवी झाली.

पुढे काय झालं तेही सांगतो. अण्णा चार किलोमीटर चालत पुढच्या गावी जायला लागले. सहा महिन्यांत आमच्याच गावात एका घराच्या मागच्या दाराने दुप्पट भावात विक्री सुरू झाली. कुठल्या घराच्या, हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत होतं. मी आईला जरा विजयी सुरातच विचारलं, काय फायदा झाला मग? ती म्हणाली, "चार किलोमीटर चालून घरी येईपर्यंत निम्मी उतरलेली असते. आणि शाळेच्या वाटेवर कोणी पडलेलं नसतं." एवढाच हिशोब. समाज सुधारेल असं तिने मला कधी सांगितलंच नव्हतं, ते मीच तिच्या तोंडी घातलं होतं. अण्णांची दारू सुटली ती २०१६ ला, काविळीने.

दुकान बंद करणं आणि पिणंच गुन्हा ठरवणं यांत मी फरक करतो, तो बिहारकडे बघून. तिथे एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे. बायकांनीच मागितलेली. सुरुवातीच्या कायद्यात घरात बाटली सापडली तर घरातल्या सज्ञान माणसांना जबाबदार धरायची सोय होती. म्हणजे जिने दारू बंद करा म्हणून मोर्चा काढला, तिलाच नवऱ्याच्या बाटलीबद्दल पोलिसांना उत्तर द्यायचं. दोन वर्षांनी ही तरतूद सौम्य करावी लागली. कोर्टात जामिनाच्या अर्जांचा असा ढीग झाला की २०२१ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी दूरदृष्टी नसलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून त्याचं नाव घेतलं. विषारी दारूचे बळी वेगळेच. आपल्याकडे चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली.

परवाना देऊन दुकान मांडतं ते सरकार. ते कुणाच्या दारात मांडायचं नाही हे त्या दारातल्या बायकांनी सांगितलं, तर कुणाचं स्वातंत्र्य गेलं असं मला वाटत नाही. पुरुषांना मत नाही ही गोष्ट मला अजून थोडी टोचते, पण भुवई कुणाची फुटते हे आठवलं की कमी टोचते. तब्येतीचा परवाना आणि पंचविशीची अट मात्र उद्या रद्द झाली तर मी पेढे वाटेन. आईला त्या रात्री हवं होतं ते सरकार खरं तर फार छोटं होतं: एक वही, एक पेन, आणि तक्रार लिहून घेणारा एक माणूस. त्याऐवजी चहा मिळाला. तक्रार लिहून घेतली असती तर ती बाटलीच्या मागे लागली असती का, हे मी तिला एकदा विचारलं. तिने खांदे उडवले.

गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे पुण्यात आली होती. फ्रीजवरची बाटली तिने पाहिली, बोलली नाही. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला वरच्या फ्लॅटमधून आवाज आले. हे अधूनमधून येतात. आधी त्याचा आवाज, मग भांडं पडल्याचा, मग काहीच नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे कुणीतरी विषय काढला होता, तेव्हा सेक्रेटरींनी लिहिलं होतं, त्यांचा पर्सनल मॅटर आहे. मी त्याला अंगठा दिला होता.

आई उठून बसली. छताकडे बघत होती. "नंबर असतो ना आता एक?" तिने विचारलं.

मी ११२ लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला, मजला विचारला, माझं नाव गुप्त राहील म्हणाली. पंचवीस मिनिटांनी दोन पोलीस आले, त्यातली एक महिला होती. वर बराच वेळ बोलणं चाललं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सकाळी लिफ्टमध्ये वरच्या वहिनी भेटल्या. मुलीची वेणी घालत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आईने मुलीला विचारलं, कितवीत आहेस गं.