एका पैचा हिशेब

मनुष्याच्या ठायी दोन ओढी उपजतच असतात. काही नवे घडवावे, ही पहिली. आणि घडविलेल्यावर आपले नाव असावे, ही दुसरी. दोन्ही स्वाभाविक आहेत, त्यांत पाप नाही. परंतु जे आपण घडविले नाही त्यावरही आपला ठसा उमटावा असे मनास वाटू लागते, तेव्हा प्रामाणिकपणाची खरी कसोटी सुरू होते. या कसोटीस कसे उतरावे, याचा वस्तुपाठ श्रीक्षेत्र पैठणच्या संत एकनाथ महाराजांनी घालून दिला आहे.

बालवयातच नाथमहाराज देवगिरीस श्रीजनार्दनस्वामींच्या सेवेत राहिले. स्वामींनी हिशेबाचे काम या शिष्याकडे सोपविले होते. परंपरेने चालत आलेली कथा अशी की, एकदा हिशेबात एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्यापुढे बसून नाथांनी ती चूक शोधली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली. पदरची एक पै घालून मेळ बसविणे सोपे होते. कोणास कळलेही नसते. पण नाथांना नुसता मेळ नको होता, खरेपणा हवा होता. एका पैच्या चुकीने एवढा आनंद, तर संसाराची चूक उमगल्यावर केवढा होईल, असे स्वामींनी त्यांस म्हटल्याचे सांगतात.

हीच वृत्ती पुढे एका थोर कार्यात प्रकट झाली. श्रीज्ञानेश्वरी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे सिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हस्तलिखित पोथ्यांतून उतरत गेली. नकला करताना पाठभेद शिरले, मूळ शब्द लोपले. शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये नाथांनी ग्रंथ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्या शेवटी त्यांनी बजावले की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे.

हे लिहिणाऱ्याकडे प्रतिभेची उणीव नव्हती. अकरा वर्षे आधी, इ.स. १५७३ मध्ये, भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विस्तृत टीका काशीक्षेत्री पूर्ण झाली होती. भारुडांत त्यांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, आंधळा, मुका अशा कितीतरी जनांच्या मुखाने परमार्थ बोलविला. इतकी रूपे घेऊनही त्यांची ओळख हरवली नाही, कारण स्वतःचे काय आणि दुसऱ्याचे काय, याचा विवेक सुटला नव्हता. जेथे सृजन आपले होते तेथे ते मुक्तहस्ताने उधळले. जेथे माउलींचे होते तेथे हात आखडता घेतला.

येथे एक बारकावा ध्यानी घेण्यासारखा आहे. नाथांनी आपले नाव लपविले नाही. ग्रंथ शुद्ध केल्याचा शक आणि आपले नाव त्यांनी स्पष्ट नोंदविले. जे केले तेवढेच सांगितले. त्याहून अधिक नाही आणि उणेही नाही. त्यांच्या नाममुद्रेतही स्वतःच्या नावाशेजारी सद्गुरूंचे नाव येते. खोटा मोठेपणा जसा असत्य, तसा खोटा विनयही असत्यच होय. आपला वाटा अचूक सांगणे, हीच खरी नम्रता.

देवदर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाने आपल्या जीवनाचा हिशेब असाच तपासून पाहावा. ज्यास आपण स्वतःची कमाई म्हणतो, तीत वडिलांचे कष्ट किती, गृहिणीची काटकसर किती, सोबत राबणाऱ्या हातांचा घाम किती? दानपाटीवर नाव कोरावे, त्यात गैर काही नाही. मात्र ज्यांची नावे पाटीवर मावत नाहीत, त्यांचे स्मरण अर्पण करताना अवश्य असावे. आणि देवस्थानानेही भाविकांच्या प्रत्येक पैचा मेळ पदरचे घालून किंवा झाकून नव्हे, तर खरेपणाने द्यावा. देणारा आणि सांभाळणारा, दोघांसही नाथांचा तो रात्रभर तेवणारा दिवा सारखाच वाट दाखवितो.

आपला वाटा ओळखण्याची सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.