शिलोहाचा बुरूज आणि तापीचा पूर

ऑगस्ट 2006 मध्ये तापीला महापूर आला. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. शहराच्या दक्षिणेस सचिन आहे. तेथे कारखान्यांत पोटासाठी आलेली मराठी कुटुंबेही राहतात. असे संकट आले की मंडळीत एक प्रश्न निघतोच: ही कोणाच्या पापाची शिक्षा?

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक 13) आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापास बोलाविले.

मग आपला पश्चात्ताप कोणता? धरणाचे दरवाजे माणसेच उघडतात, नदीकाठी घरे माणसेच बांधतात. तो दोष आपण देवावर ढकलतो. शिवाय एकदा शिक्षा म्हटली की मदतीचा हात आखडतो. पुरात चोहोकडे पाणी असते, पण पिण्यास घोटभर मिळत नाही. त्या तहानलेल्याला आधी पाणी द्यावे; त्याची मंडळी विचारू नये, पापही विचारू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, नोहाचा धडा जलप्रलयावर थांबवू नका. मेघांत ठेवलेल्या धनुष्याचा करारही मुलांना सांगा.