उराकामीचा होमबली: एक वादग्रस्त सांत्वन

नागासाकीच्या उत्तरेला असलेल्या उराकामी खोऱ्यात १९४५ साली सुमारे १२,००० कॅथलिक राहत होते. जपानमधली ही त्यांची सर्वांत मोठी वस्ती. ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब याच खोऱ्यावर फुटला. उराकामीचे कॅथीड्रल स्फोटबिंदूपासून जेमतेम ५०० मीटरवर होते. १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाआधी पापनिवेदनासाठी आलेली माणसे आणि त्यांचे धर्मगुरू आतच मेले. वस्तीतले सुमारे ८,५०० कॅथलिक या स्फोटाने नेले. उरलेल्यांना अन्नाची आणि औषधाची ददात होतीच, शिवाय एका प्रश्नाने गाठले होते. देवाने हे आपल्याच भक्तांवर का येऊ दिले?

या प्रश्नामागे मोठा इतिहास होता. गोव्याहून निघालेला ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. त्याच्या सोबतीला गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला आंजिरो हा जपानी माणूस होता. पुढे १६१४ पासून देशभर धर्मबंदी आली आणि उराकामीकरांनी सुमारे अडीचशे वर्षे लपूनछपून धर्म पाळला. १८६७ मध्ये ते उघडकीला आले, तेव्हा तीन हजारांहून अधिक माणसांना हद्दपार केले गेले आणि त्यांतली सहाशेंहून अधिक मरण पावली. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर परतलेल्यांनी कॅथीड्रल उभारायला घेतले. ते १९१४ मध्ये पुरे झाले. छळ सोसणे म्हणजे देवाला साक्ष देणे, ही शिकवण इथल्या घराघरांत मुरलेली होती.

डॉ. ताकाशी नागाई यांनी या शिकवणीच्या आधारे उत्तर शोधले. ते नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि १९३४ मध्ये कॅथलिक झाले होते. स्फोटाच्या दोन महिने आधीच त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. स्फोटात ते जबर जखमी झाले, तरी जखमींवर उपचार करत राहिले. घरी पोचले तेव्हा पत्नी मिदोरी यांची जळालेली हाडे आणि त्यांतच अडकलेली जपमाळ एवढेच त्यांना सापडले. मिदोरी यांच्या घराण्याने छळाच्या काळात लपलेल्या ख्रिस्ती समाजाचे नेतृत्व केले होते.

लोकांत तेव्हा वेगळेच बोलले जात होते. उराकामीकर शिंतो मंदिरात डोके टेकवत नाहीत, म्हणून त्यांना दैवी शिक्षा झाली, असे म्हणणारे शहरात होते. सैन्यातून परतलेल्या, बायकामुले गमावलेल्या एका परिचिताने हीच व्यथा नागाईंपुढे मांडली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी भग्न कॅथीड्रलसमोर मृतांसाठी मिस्सा हा प्रार्थनाविधी झाला. तिथल्या भाषणात नागाईंनी या शिक्षेच्या कल्पनेला उत्तर दिले. बॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते. तिथे ढगांचे आणि धुराचे दाट आच्छादन असल्याने ते नागासाकीकडे वळले, आणि इथेही ढगांमुळे बॉम्ब ठरल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामीवर पडला. नागाईंना यात देवाची योजना दिसली. युद्धाच्या महापापाच्या प्रायश्चित्तासाठी उराकामी हे निष्कलंक कोकरू निवडले गेले, त्याचा होमबली झाला आणि म्हणून शांती आली, असा त्यांचा अर्थ होता. सम्राटाने शरणागती जाहीर केली तो दिवसही मरियेच्या सणाचाच होता, याची त्यांनी आठवण करून दिली.

शोकाकुल माणसांना या शब्दांनी आधार दिला, यात शंका नाही. ज्या आईला शेजारी पापी ठरवत होते, तिला आपले मूल पवित्र होते असे सांगणारा कोणीतरी भेटला. मात्र हे विचार त्या सभेपुरते राहिले नाहीत. नागाईंचे ‘नागासाकीची घंटा’ हे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. जपानी सैन्याने मनिलात केलेल्या अत्याचारांचा वृत्तांत जोडण्याच्या अटीवर युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी सैन्यप्रशासनाने त्याला परवानगी दिली होती. पुस्तक अफाट खपले, १९५० मध्ये त्यावर चित्रपट आला. १ मे १९५१ रोजी नागाई वारले तेव्हा ते देशभर पूज्य झाले होते. हिरोशिमा संतापते, नागासाकी प्रार्थना करते, ही म्हण रूढ झाली.

स्फोटातून वाचलेल्यांपैकी अनेकांना मात्र नागाईंचे हे विचार पटणारे नव्हते. कवी कान यामादा यांनी १९७२ मध्ये नागाईंवर कठोर टीका केली. तत्त्वज्ञ शिंजी ताकाहाशी यांनी दाखवून दिले की या मांडणीत बॉम्ब टाकणारे आणि युद्ध लांबवणारे, दोघेही जबाबदारीतून सुटतात. आक्षेपाला आकड्यांचाही आधार आहे. १९४५ अखेर नागासाकीत मेलेल्यांची संख्या सुमारे ७४,००० धरली जाते. त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते, आणि सक्तीच्या मजुरीवर आणलेले कोरियनही त्यांत होते. होमबलीच्या चौकटीत या माणसांना जागाच नाही.

डॉ. तात्सुइचिरो आकिझुकी यांची साक्ष या बाबतीत फार मोलाची आहे. स्फोटबिंदूपासून सुमारे दीड किलोमीटरवरच्या उराकामीच्या रुग्णालयात ते होते. नंतरच्या आठवड्यांत त्यांच्या लक्षात आले की आधी केंद्राजवळची माणसे मरतात, मग त्यापलीकडची, आणि मृत्यूचे वर्तुळ रोज टेकडी चढत रुग्णालयाकडे सरकते. ते पुढे स्वतः कॅथलिक झाले, पण त्यांनी नोंदवलेल्या या क्रमात निवड कुठेच दिसत नाही, दिसते ते केवळ अंतर.

२५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमात युद्ध हे माणसाचे कृत्य असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. उराकामीच्या अनेक कॅथलिकांनी त्यानंतरच तोंड उघडले. देवाच्या योजनेबद्दल तक्रार करणे म्हणजे अश्रद्धा, असे मानून ते पस्तीस वर्षे गप्प राहिले होते. कॅथलिक धर्मशास्त्र देवाने एखादी गोष्ट इच्छिणे आणि ती होऊ देणे यांत भेद करते. नागाईंच्या भाषणात तो भेद पुसला गेला होता. तो पुन्हा मान्य झाल्यावर मृतांना पवित्र मानणारी माणसे बॉम्बला पाप म्हणू लागली, आणि आपल्या भाजलेल्या अंगाची हकिकत शाळांतून, सभांतून सांगू लागली.