पत्त्यांतील माणसें

पत्ते पिसत बसलेल्या माणसाला बदामच्या राजाचें नांव विचारलें, तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. त्या राजाला नांव नाहीं, गांव नाहीं, आणि त्यावांचून कोणाचें अडतही नाहीं. हौसेखातर एक सबंध कॅट स्वतःच्या हातानें रंगविण्याचा उद्योग मीं केला नसता, तर ह्या निनांवीपणाचा विचार करण्याचें मला कांहीं कारण नव्हतें. आणि जो प्रश्न आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे, तोही मला सुचला नसता.

प्रसंग साधाच होता. वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. पत्ते हा आमच्या घरीं जवळजवळ कुलाचारच असल्यामुळें, घरांतील माणसांचे चेहरे असलेला कॅट त्यांना भेट द्यावा असें मनांत आलें. चित्रकलेंत माझी मजल शाळेंतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांपलीकडे गेलेली नाहीं. पण हौशी माणसाला आपलें अज्ञान कधींच अडवीत नाहीं. वडील व त्यांचे तिघे भाऊ हे चार राजे झाले, आई व तिघी काकू ह्या चार राण्या झाल्या, आणि गुलामांच्या जागीं आम्हीं चौघां चुलतभावांनीं विनयानें स्वतःला बसवून घेतलें. हिशेब इतका नेमका जुळला कीं, पत्ते शोधून काढणाऱ्यानें आमचेंच कुटुंब डोळ्यांपुढें ठेविलें होतें कीं काय, अशी शंका यावी. उरली एक आत्या. तिच्याकडे मी पुढें येईन.

आधीं पाठींची हकीकत सांगितली पाहिजे. प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर मीं वेलबुट्टी काढली होती. आतां एकच वेलबुट्टी हातानें बावन्न वेळां काढणें म्हणजे बावन्न निराळ्या वेलबुट्ट्या काढणें होय, हें मला त्या वेळीं कळलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं माझी दहा वर्षांची पुतणी खेळतां खेळतां मला म्हणाली, "काका, इस्पिकचा एक्का तुमच्याकडे आहे ना? त्याच्या वेलीला एक पान जास्त आहे." तिनें चोरून पाहिलें नव्हतें, कीं खूणही केली नव्हती. ती लबाड ठरते काय? दिसलेलें न दिसल्यासारखें करून खेळ, असें तिला सांगावें, तर तें सांगणें मोठ्यांनासुद्धां पाळतां येण्यासारखें नाहीं. तिनें बोलून दाखविलें, हाच तिचा प्रामाणिकपणा. तिच्या बरोबरीचीं दोन मुलें तीन दिवस गप्प राहून जिंकत होतीं, हें मागाहून उघडकीस आलें. परंतु मूळ दोष मुलांचा नव्हता. खेळांतील सचोटी केवळ खेळणारांच्या मनांवर सोंपविलेली नसते. ती पत्त्यांच्या सारख्या पाठींतही सांठविलेली असते. ती तेथून मींच काढून टाकली होती.

पत्त्यांचा इतिहास चाळला तर कारागिरांनीं ह्या एका गोष्टीसाठीं केवढी खटपट केली आहे तें दिसतें. विलायती पत्त्यांच्या पाठी पूर्वीं कोऱ्या असत. कोऱ्या पाठीवरचा लहानसा डागही ओळखूं येई, म्हणून एकोणिसाव्या शतकांत छापील नक्षी आली. चित्रांना वर-खालीं दोन डोकीं आलीं तींही ह्याच कारणानें. एकाच डोक्याचें चित्र उलटें हातीं आलें कीं खेळाडू तें सरळ करी, आणि हातांत राजा कीं राणी असल्याचें सर्वांना कळून जाई.

मीं मुकाट्यानें बाजारांतून एकसारख्या छापाचा कागद आणला, तो सर्व पाठींवर चिकटविला, आणि दोष दूर झाला असें समजलों. तोंडाच्या बाजूचा दोष कागदानें झांकण्यासारखा नव्हता.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. तिनें लग्न केलें नाहीं. शाळेंत नोकरी केली आणि भावांच्या घरांत राहिली. मे महिन्याच्या सुटींत दुपारच्या वेळीं आम्हां सगळ्या मुलांना बदाम-सात, झब्बू आणि मेंढीकोट शिकविले ते तिनें. कॅटांत राण्या चारच; पांचवी आणावी कोठून? पुष्कळ विचार करून मीं तिला जोकर केलें. विदूषकाची टोपी अर्थातच घातली नाहीं. नऊवारी लुगड्यांत तुळशीला पाणी घालणारी आत्या मीं इतर कोणत्याही चित्रापेक्षां अधिक मन लावून काढली. जोकर कोणत्याही पानाच्या जागीं चालतो, आणि आत्याही आमच्या घरांत ज्याची उणीव पडेल त्याच्या जागीं उभी राहत आली आहे. ह्याहून मोठा मान कोणता, असें मला वाटलें होतें.

समारंभाच्या दिवशीं तिनें तें पान हातांत घेतलें, डोळ्यांजवळ धरून पाहिलें, चित्र चांगलें साधलें आहे म्हणाली, आणि मग सहज विचारावें तसें विचारलें, "पण अरे, मेंढीकोटांत जोकर डब्यांतच राहतो ना?"

ती रागावली नव्हती. मला मात्र उत्तर सुचलें नाहीं.

कोणी म्हणतील, हा तर खेळ. त्यांतल्या पायऱ्या एवढ्या मनावर घ्यावयाच्या कशाला? शिवाय हेतु शुद्ध होता. हेतूविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु खेळांतील उच्चनीचता आपण हंसत सोसतों, ती कां सोसतों? एकाला चार राजे येतात आणि दुसऱ्याला दुर्री-तिर्री येतात, ह्यांत विषमता थोडी नाहीं. पण ती कोणी ठरविलेली नसते. पुढच्या वांटणींत ती पालटूं शकते. म्हणून हरणाराला हात वाईट आल्याचें दुःख होतें, अपमान वाटत नाहीं. मीं केलें तें निराळें होतें. दैवाची जागा मीं घेतली, आणि कोण कोणाला मारील, कोण डब्यांत राहील, हें सावकाश, विचारपूर्वक, रंग कालवीत ठरविलें. माझी धाकटी काकू त्या कॅटांत माझ्या काकांखालीं आहे आणि माझ्या वर आहे. दर डावाला आहे. आणि कितीही पिसले तरी तशीच राहील.

ही फसगत माझ्यासारख्या नवशिक्याचीच होते असें नव्हे. १७९३ सालीं, राज्यक्रांतीच्या ऐन भरांत, पॅरिसमध्यें जोम व द्युगूर ह्यांनीं राजेराण्यांना हद्दपार करणारा नवा कॅट काढला. राजांच्या जागीं प्रतिभेच्या देवता आल्या, राण्यांच्या जागीं स्वातंत्र्यें आणि गुलामांच्या जागीं समता. एक्क्यांवर कायदा बसला. पण खेळाचे नियम तेच राहिल्यामुळें झालें असें कीं, समतेवर स्वातंत्र्याची मात, स्वातंत्र्यावर प्रतिभेची, आणि समता बिचारी गुलामाच्या पायरीवर! नेपोलियनच्या काळांत राजे परत आले.

ह्याच्या उलट आमच्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहावा. एकशेंवीस वाटोळीं पानें, दहा रंग, प्रत्येक रंग एका अवताराचा. त्यांत राजा, प्रधान आणि एक्यापासून दहापर्यंत पानें. निम्म्या रंगांत दश्शा मोठा, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा रामाच्या रंगानें आरंभ, रात्रीं कृष्णाच्या. येथें नांवें आहेत, चेहरे आहेत, पण अवमान नाहीं. कारण वामन परशुरामाकडे पाहून खट्टू होत नाहीं, आणि देवांना आपली जागा आपल्याकडून ठरवून घ्यावयाची नसते. माणसांचें तसें नाहीं.

फ्रेंच पत्त्यांवर राजांना डेव्हिड, अलेक्झांडर, सीझर, चार्ल्स अशीं नांवें छापतात. आपल्याकडे रूढ झालेल्या इंग्रजी पत्त्यांवर तीं नाहींत. त्यांतल्या बदामच्या राजाच्या हातीं एके काळीं परशु होता. नकलेवर नक्कल होत परशूचें पातें गळालें, मिशी गेली, आणि उरलेली तलवार त्याच्याच मस्तकांत शिरल्यासारखी दिसूं लागली. पूर्वीं मला ही कारागिरांची हेळसांड वाटे. आतां वाटतें, इतक्या हातांनीं झिजवून त्याला कोणाचाच न ठेवल्यामुळें त्याच्या हातून मरण्यांत कोणालाच कमीपणा वाटत नाहीं.

माझा कॅट वडिलांच्या कपाटांत आहे. पाहुण्यांना तो दाखविला जातो, आणि प्रत्येक पाहुणा जोकराच्या पानाची सर्वांत अधिक वाखाणणी करतो. खेळायला मात्र आम्ही दुकानचाच घेतों. गेल्या दिवाळींत मेंढीकोटाला आत्या माझ्या विरुद्ध बाजूला होती. हुकूम बदाम होता. शेवटून तिसऱ्या हाताला मीं मोठ्या भरंवशानें चौकटची मेंढी टाकली. चष्मा वर सारून तिनें माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि मस्तकांत तलवार खुपसलेला तो राजा अलगद तिच्यावर ठेवला.