खाली आलेला आवाज

समुद्रघोड्याला जठर नसतं, दातही नसतात. नळीसारख्या तोंडानं ओढलेलं भक्ष्य आतड्यातून भराभर पुढं सरकतं, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. समुद्रघोड्यांची जोडी घरी आणण्याआधी मला हे ठाऊक होतं. ‘माहीत नव्हतं’ ही पळवाट मला नाही.

कायद्याचीही नाही. २००१ सालीच समुद्रघोडा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसला. दुकानदारानं आतल्या खोलीतली बादली दाखवली, तेव्हा मी आवाज खाली आणून भाव विचारला. आवाज आपोआप खाली आला, म्हणजे मनाला कळलं होतंच. नराची पिशवी फुगलेली होती. इथं मरण्यापेक्षा माझ्याकडे जगतील, असं मी स्वतःला सांगितलं. ही जोडी उचलली की त्या बादलीत दुसरी येणार, हा हिशेब मला येत होता. मी तो मांडला नाही.

मादी नराच्या पिशवीत अंडी घालते. पुढचे काही आठवडे तो त्यांना प्राणवायू पुरवतो आणि जन्म जवळ आला की आतल्या द्रवाचा खारेपणा हळूहळू समुद्राशी जुळवत नेतो, पिल्लांना बाहेरच्या पाण्याचा धक्का बसू नये म्हणून. अशा बापाला मी पंधरा मिनिटांत टाकीत सोडलं. थेंबथेंब पाणी मिसळायला तास-दीड तास लागला असता, आणि संध्याकाळी पाहुणे यायचे होते.

एका पहाटे पिल्लं झाली. मी आधी व्हिडिओ काढला. त्यांच्या खाण्यासाठी लागणाऱ्या आर्टेमियाची, म्हणजे इवल्या कोळंबीसारख्या जिवांची, अंडी फुटायला साधारण एक दिवस जातो. मी ती भिजतच घातली नव्हती. चौथ्या दिवशी एकही पिल्लू उरलं नाही. ‘निसर्गात तरी हजारात पाच कुठे जगतात?’ असं मी मित्राला म्हणालो. आकडा खोटा नव्हता. पण समुद्रात मेलेलं पिल्लू निदान कुणाचा तरी घास होतं. माझी माझ्या आळसानं गेली. खरा आकडा हाताशी असला की खोटं बोलणं किती सोपं जातं!

नर गोठवलेल्या कोळंबीला तोंड लावेना. हलेल तेच त्याला भक्ष्य वाटे. जिवंत आर्टेमिया सोडले, तो टिपू लागला, आणि मी निश्चिंत झालो. पण वाढलेल्या आर्टेमियाला आधी सकस खाऊ घातलं नाही, तर त्यात फारसं सत्त्व नसतं. तो रोज खात होता आणि रोज वाळत होता. मे महिन्यात पाणी तीस अंशांवर गेलं. ते चोविसाच्या आत हवं होतं. पाणी थंड ठेवणारा चिलर महाग म्हणून टाळला. त्याच महिन्यात निळे दिवे मात्र आणले, तो उठून दिसावा म्हणून.

रोज सकाळी मादी त्याच्या फांदीपाशी येई. रंग उजळून, शेपट्या गुंफून दोघं फिरत. मी चहाचा कप घेऊन समोर बसे. जणू तो खेळ माझ्यासाठीच मांडलेला. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीही ती त्याच फांदीपाशी आली. ते दुःख होतं की नुसती सवय, हे मला सांगता येणार नाही. पण त्या शंकेचा फायदा आरोपीला, म्हणजे मला, मिळू नये. तीन आठवड्यांनी तीही गेली.

टाकी विकून टाकली. छंद का सोडला, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, ‘वेळ मिळत नाही.’ परवा पुतण्यानं विचारलं, तेव्हाही हेच उत्तर दिलं. बोलताना आवाज खाली आला होता, अगदी भाव विचारताना आला होता तसाच.