खाडी आडवी येते तेव्हा

नागपूरचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते. अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून वाहून गेलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतो. सरळ रेषेत मोजलं तरी आम्हाला तोच समुद्र जवळचा. पण १९५६ साली मध्य प्रदेशातून निघून आम्ही ज्यांच्याबरोबर आलो, आणि १९६० साली ज्या राज्याचे झालो, त्याचा समुद्र पश्चिमेला आहे. म्हणून नागपूरचं जोडपं समुद्र पाहायला निघालं की कोकणातच जातं.

आमच्या आधीच्या पिढीत दोघांनीच फिरायला जायची रीत फारशी नव्हती. नागपुरातल्या महाल-धंतोलीतल्या कोकणस्थ घरांत लग्नानंतर कुलदैवताला जावं लागे. कुणाचा गुहागरचा व्याडेश्वर, कुणाचा वेळणेश्वर. रेल्वेने दादर, पुढे एसटी. सोबत सासूबाई, एखादी आत्या, ओटीचं सामान, दशम्यांचा डबा. समुद्र देवळापासून हाकेच्या अंतरावर असे, पण नव्या सुनेला तो दिसायचा अभिषेक आटोपल्यावर, सगळ्यांच्या घोळक्यात. आज गाडी काढून निघणाऱ्या दोघांचं बहुधा कोकणात कुणीच नसतं. नवस नाही, नातं नाही. ज्यांच्या घराण्यात कुणी कधी समुद्र पाहिला नव्हता, अशा घरांतली मुलं-मुली मुरूड-जंजिऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत स्वतःच्या मर्जीने जातात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. दोन खोल्यांच्या घरात, आईवडील आणि लहान भावंडांमध्ये संसार सुरू करणाऱ्यांना दोघांपुरता एकांत मिळणं सोपं नसतं. त्यांना निर्मनुष्य किनारा हवा असतो तो निसर्गप्रेमामुळेच असं नाही. तिथे कुणी बघत नाही, हेही कारण असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या बदलाला रस्त्याने हातभार लावला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दिवसाउजेडी नागपूरकराला सह्याद्री उतरवून देतो. त्याचे उपकार आहेतच. पण त्या रस्त्यावर शेजारच्या माणसाची गरज लागत नाही. ताशी १२० किलोमीटरची मुभा, समोर सरळ काँक्रीट, वळण नाही, गाव नाही, विचारायला माणूस नाही. चालवणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून जागं राहायचं आणि शेजारच्याने मोबाइल पाहायचा किंवा झोपायचं. आम्ही दोघांनी त्या रस्त्यावर तासन् तास एक शब्दही न बोलता प्रवास केला आहे. रागाने नव्हे, बोलण्यासारखं काही समोर येतच नाही म्हणून.

किनाऱ्याचा रस्ता तसा नाही. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे, हर्णैहून मुरूड-कर्द्याकडे, गणपतीपुळ्याहून आरे-वारेकडे जाणारा हा रस्ता अरुंद असतो, एका अंगाला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला गटार किंवा थेट कडा. समोरून एसटी आली की चालकाला डावीकडे किती जागा आहे ते दिसत नाही. ते शेजारी बसलेल्यालाच दिसतं. ‘अजून हातभर आहे, घ्या’, ‘थांबा, इथे दगड आहे’ असं सांगत राहावं लागतं, आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर चालवणाऱ्याला विश्वास ठेवावा लागतो. मोबाइलमधला नकाशा सारखा मुंबई-गोवा महामार्गाकडे ओढतो, कारण अंतर आणि वेळ एवढंच तो मोजतो. समुद्र सोडायचा नाही हे दोघांनी मिळून ठरवावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं. संसारातले अवघड निर्णय आम्ही कधी आमनेसामने बसून घेतल्याचं मला आठवत नाही. शेजारी शेजारी बसून, दोघांची नजर समोर असताना बोलणं सोपं जातं. कर्जाचं, आईच्या दुखण्याचं, मूल होऊ द्यायचं की नाही याचं बोलणं आमच्यात गाडीतच निघालं.

मग खाडी येते. कोकणचा किनारा नद्यांच्या मुखांनी ठिकठिकाणी तोडलेला आहे: राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. रस्ता पाण्यात उतरतो आणि संपतो. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे वर्षानुवर्षं गाड्या फेरीबोटीवर चढवून पलीकडे नेल्या आहेत. बोट पलीकडे असली की धक्क्यावर थांबायचं. घाई करून उपयोग नसतो. आमच्यासारख्यांना हे थांबणं फार आवडतं. गाडीतून उतरून, कांदळवनाचा वास घेत, ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावरचे बगळे पाहत उभं राहायचं. प्रवासात खरं समाधान मिळालं ते इथे, असं घरी गेल्यावर सांगायचं.

मला बोलायचं आहे ते या आवडीबद्दल. त्या धक्क्यावर आपण दोघंच नसतो. टोपली घेतलेल्या मासेवाल्या बाया असतात, कॉलेजातून परतणाऱ्या मुली असतात, आजाऱ्याला दाखवायला नेणारी माणसं असतात. रात्री शेवटची बोट गेली की पलीकडचा दिवा डोळ्यांना दिसतो, पण तिथे पोचायचं तर खाडीला पार आतून वळसा. बाळंतपण काही बोटीचं वेळापत्रक पाहून येत नाही. बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले; रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग सागरी महामार्गाचा ध्यास त्यांनी घेतला होता. त्या रस्त्यासाठी खाड्यांवरचे मोठे पूल आता कुठे हाती घेतले जात आहेत. ‘पूल झाले की कोकणची मजा गेली’ असं पर्यटक म्हणतात तेव्हा मला त्रास होतो. ज्याच्या गावाला चार पदरी रस्ता आहे, त्याने दुसऱ्याच्या तुटलेल्या रस्त्याला सौंदर्य म्हणू नये. विदर्भातल्या माणसाला तर हे कळायला हवं. भामरागडची पर्लकोटा नदी पावसाळ्यात चढली की तालुक्याचा संपर्क तुटायचा, आणि त्यात कुणाला काव्य दिसलेलं आम्ही ऐकलं नाही.

पूल व्हावेत. किनाऱ्याचं रानवटपण पूल नसण्यात नाही. ते जांभ्याच्या सड्यांवर आहे, जिथे पावसाळ्यानंतर थोडे दिवस रानफुलं येतात आणि एरवी काळा-तांबडा कातळ उन्हात भाजत पडलेला असतो. बारसूसारख्या सड्यांवर अनाम माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि ते रानवटपण वाळूतही आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन दोन दशकांपूर्वी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. थंडीत ऑलिव्ह रिडले मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. जेमतेम दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात, भारताच्या टोकाला वळसा घालून ती आली होती. ज्या नागपूरकराचं पाणी पूर्वेला जातं आणि जो स्वतः पश्चिमेला येतो, त्याने ही बातमी जिव्हाळ्याने वाचावी.

ह्याच वाळूवर सुट्टीच्या दिवशी गाड्या उतरतात. लाटांतून चाकं नेत चित्रीकरण चालतं, भरती आली की गाडी रुतते आणि गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी निघते, चाकाखाली दबलेल्या घरट्याचं आणि खेकड्यांच्या बिळांचं काय झालं ते कुणी पाहत नाही. रात्री हॉटेलांचे झोत वाळूवर पडले की पिल्लं पाण्याकडे जायच्या ऐवजी दिव्याकडे सरकतात. एकांत शोधत आलेल्या जोडप्यांनीच दुसऱ्या जीवाचा एकांत मोडावा, हे मला अन्याय्य वाटतं. समृद्धीने अंतर कमी केलं, पूल आणखी करतील, आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत नागपूर-अमरावतीहून आजच्या कितीतरी पट गाड्या इथे येतील. ती गर्दी अडवायचा अधिकार मला नाही, आणि इच्छाही नाही. ज्यांच्या घरात समुद्र कधी पोचला नव्हता, त्यांनी यावंच.

फक्त गाडी गावात लावा, सुरुबनाच्या अलीकडे, आणि वाळूवर पायी जा. हॉटेलाऐवजी एखाद्या रात्री घरगुती मुक्काम करा. ओसरीवर बसून घरच्या काकूंना पुलाबद्दल विचारा आणि त्या काय सांगतात ते ऐका. नोव्हेंबर ते मे या काळात रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या पेटवू नका. कासवांची पिल्लं पाहायची असतील तर वनखात्याची किंवा गावातल्या कासवमित्रांची वेळ घ्या आणि दोरीच्या मागे उभे राहा.