उपभोगाची हद्द

भोगोपभोग-परिमाण घेताना आपण वस्तू मोजतो. इतक्या साड्या, इतके दागिने, इतकी वाहनं. पण काही वस्तू संख्येनं एकच असतात आणि त्या एकीचा पसारा घरात मावत नाही. गाण्याच्या सिस्टीमला जोडायचा सबवूफर त्यातलाच. त्याच्या निमित्तानं प्रश्न पडतो, की माझ्या उपभोगाची हद्द माझ्या भिंतीपाशी संपते का?

आधी त्याची बाजू ऐकून घेऊ. सबवूफर म्हणजे वरातीतल्या धांगडधिंग्याचं यंत्र, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आमच्या मुलानं घरच्या दोन लहान स्पीकरांना तो जोडायचा विषय काढला, तेव्हा मला तानपुराच ऐकवला. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. तानपुऱ्याची चौथी, खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ ची. लहान स्पीकर एवढ्या खाली उतरताना दमतो. वरच्या स्वरांवरून कान ती तार ओळखतो, पण तिचं अंग हाताला लागत नाही. सबवूफर जोडून ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे दिलं, की तीच तार भरून येते, डग्ग्याची घुमक पोटात उतरते. हे सुख खोटं नाही. श्रावकाला सुखाची मनाई नाहीच, परिमाण तेवढं सांगितलंय.

अडचण पुढं आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षाही जास्त. बारीक, चढा आवाज पडद्यात, गादीत, भिंतीत बराचसा जिरतो. हा जाडा आवाज जिरत नाही, पलीकडे जातो. मुलानं मित्राचा सबवूफर दोन दिवस लावून बघायला आणला होता. तो चालू ठेवून मी खालच्या मजल्यावर अक्कांकडे गेले आणि विचारलं, "अक्का, गाणं ऐकू येतंय काय?" त्या म्हणाल्या, "गाणं कुठलं ओ, नुसती धडधड येते. सामायिकाला बसले की छातीतच वाजल्यासारखं होतं." मग लगेच, "असू दे, पोरांची हौस हाय."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सूर आमच्या घरात राहिला आणि धक्का तेवढा त्यांच्या घरात गेला. शिवाय त्या आपण होऊन वर येऊन कधीच काही बोलल्या नसत्या. शेजारधर्म मोडायला नको म्हणून गप्प बसणाऱ्या बायका आपल्यात काही कमी नाहीत. तक्रार आली नाही म्हणजे त्रास नाही, असा हिशेब करायचा तर सगळ्यात सोशिक माणसाला सगळ्यात जास्त सोसावं लागेल.

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजमाप माणसाच्या कानाच्या अंदाजानं चालतं, त्यात खालच्या आवाजाला वजन फार कमी. ५० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३० डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे मीटर समाधानी आणि अक्कांच्या मांडणीवरची भांडी थरथरतायत, असं होऊ शकतं. कायद्याचं माप जिथं अपुरं पडतं, तिथं व्रताचं काम सुरू होतं.

आपल्याकडे याचा विचार आधीच झालेला आहे. न्याय-वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं. तत्त्वार्थसूत्रानं त्याला पुद्गलाचा पर्याय म्हटलं, म्हणजे आवाज हे जड द्रव्याचंच एक रूप, आदळणारं, धक्का देणारं. त्याच ग्रंथात देशव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यातला एक 'शब्दानुपात'. ठरवलेल्या हद्दीत बसून राहायचं, पण खोकून, हाक देऊन बाहेरच्याकडून काम साधायचं, हा दोष. मूळ संदर्भ वेगळा आहे, हे मान्य. पण पाय हद्दीत असले तरी आवाजानं हद्द ओलांडता येते, एवढं सूत्रकारांनी ओळखलं होतं. गरज नसताना बेफिकिरीनं केलेल्या कृतीला आपण प्रमादचर्या म्हणतो. ती अनर्थदंडात मोडते. पाणी गाळताना जी काळजी घेतो, ती आवाजाच्या बटणावर हात ठेवताना का नको?

म्हणून सबवूफर घेऊच नये असं मी म्हणत नाही. आम्ही घेतला. कोपऱ्यात ठेवला की त्याचा जोर वाढतो, म्हणून कोपरा टाळला. खाली जाड रबर घातलं. त्यानं फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी नाही. म्हणून आवाज किती ठेवायचा ते अक्कांच्या खोलीत उभं राहून ठरवलं आणि त्यांच्या सामायिकाची ४८ मिनिटं तो बंद. मुलाला तानपुरा मिळाला, थोडा कमी मिळाला. त्या कमीलाच परिमाण म्हणतात.

आता हेच माप आपल्या मिरवणुकीला लावून बघा. 'जगा आणि जगू द्या' लिहिलेल्या फलकामागं ट्रॅक्टरवर जी खोक्यांची भिंत चालते, तिच्यामुळं रस्त्यावरच्या किती घरांत पाळण्यातलं लेकरू दचकून उठतं? पुढच्या वर्षीची बैठक होईल तेव्हा आपण बायकांनी हा प्रश्न तिथं उभं राहून विचारायला हवा.